उंच इमारतीला आग लागली तर गच्चीवर हेलिकॉप्टर येईल, यावर विसंबायचं का?

उंचावरची
आम्ही ठाण्यात राहतो. चौतीस मजली टॉवर, आमचं घर सत्ताविसाव्यावर. गेल्या रविवारी सोसायटीची सभा झाली. विषय साधाच होता, गच्चीच्या दाराचं कुलूप काढायचं की ठेवायचं. दोन वर्षांपूर्वी वर रात्री-अपरात्री मुलं जमायला लागली म्हणून कुलूप घातलं. किल्ली खाली वॉचमनच्या केबिनमध्ये, खिळ्याला लटकवलेली. एका काकांनी विचारलं, "आग लागली तर ही किल्ली चौतीस मजले वर कोण नेणार?" सचिव म्हणाले, "आग लागली तर माणूस खाली पळतो, वर कशाला जाईल?" त्यावर दोन-तीन जण एकदम बोलले, वर हेलिकॉप्टर येतं ना! मग चर्चा तिकडेच गेली. पाण्याच्या टाक्यांमधल्या मोकळ्या जागेत हेलिकॉप्टर उतरायची खूण म्हणून मोठा एच रंगवून घ्यायचा, असा ठरावही मांडला गेला. तो पुढच्या सभेपर्यंत राखून ठेवलाय.

घरी येऊन हे सांगत होते तर सासूबाईंनी शांतपणे विचारलं, "मग मला कुठे न्यायचं ठरलं, वर की खाली?" त्या ७४ वर्षांच्या आहेत, दोन्ही गुडघे गेलेले. मला उत्तर देता आलं नाही. इथे जाणकार आहेत म्हणून विचारते. हेलिकॉप्टरचं खरं काय आहे?

खलाशी६२
ताई, नौदलात माझी बावीस वर्षं हेलिकॉप्टरवर गेली. त्यातली बरीच वर्षं दारात बसून विंच चालवली, म्हणजे माणसाला केबलने वर ओढून घ्यायचं काम. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

हेलिकॉप्टर हवेवर तरंगतं. आगीच्या वर हवा तापलेली असते, आणि तापलेली हवा विरळ असते. इंजिन तेवढंच फिरतं पण पंख्याला पकडायला हवाच कमी, म्हणजे उचल कमी. जमिनीजवळ असताना खालून हवेची गादी मिळते, तीही गच्चीच्या कडेबाहेर तरंगताना मिळत नाही. त्यात धूर. वैमानिकाला स्थिर राहायला डोळ्यांसमोर एखादी ठाम वस्तू लागते, कठडा, टाकीचा कोपरा, काहीही. धुराने ती झाकली की आपण सरकतोय की नाही हेच त्याला कळत नाही. आणि गच्चीवर काय काय असतं ते आठवा. डिश अँटेना, मोबाइलचे टॉवर, सोलरचे पॅनल, केबलवाल्यांच्या इकडून तिकडे ताणलेल्या तारा. वरून या तारा दिसत नाहीत. आम्हाला सगळ्यात जास्त भीती तारांचीच.

पंख्याचा झोत वेगळाच. खाली उभ्या माणसाला तो अक्षरशः लोळवतो. आगीवर पडला तर धूर उलटा जिन्यात कोंबतो आणि ज्वाळेला हवा देतो.

आता हिशेब करा. चौतीस मजले, मजल्याला चार घरं, घरात चार माणसं धरली तरी साडेपाचशेच्या आसपास लोक. चेतक या छोट्या हेलिकॉप्टरमध्ये एका वेळी चार-पाच जण बसतील. विंचने उचलायचं तर एकेका माणसाला काही मिनिटं जातात, कारण केबल खाली सोडायची, पट्टा नीट बसवायचा, माणूस घाबरून हात वर करणार नाही हे बघायचं. हात वर केला की पट्ट्यातून सटकतो. सुटकेसाठी साडेपाचशे माणसं थांबली आहेत, असं चित्र मनात आणून बघा.

एच रंगवल्याने हेलिपॅड होत नाही. तो स्लॅब हेलिकॉप्टरचं वजन आणि उतरतानाचा आदळ घेईल असा बांधलेला असावा लागतो, आणि चहूबाजूंनी यायला-जायला मोकळी वाट लागते.

कृष्णाकाठचा
२०१९ च्या पुरात आम्ही सांगलीत गच्चीवर तीन दिवस होतो. हेलिकॉप्टरनं खाण्याची पाकिटं टाकली, ती खाऊन पोरं झोपली. ते उपकार विसरणार नाही. पण झोत काय असतो ते बघितलंय. टाकीवरची ताडपत्री, दोरीवरचे कपडे, एक प्लास्टिकची खुर्ची, सगळं पाण्यात गेलं. आईला मी कवेत घट्ट धरून बसलो होतो.

खलाशी६२
कृष्णाकाठचा, बरोबर. पुरात हेलिकॉप्टर देवासारखं येतं कारण तिथे धूर नाही, उष्णता नाही आणि हातात वेळ असतो. केरळच्या २०१८ च्या पुरात चालाकुडीला लेफ्टनंट कमांडर अभिजीत गरुड यांनी सी किंग हेलिकॉप्टर थेट एका घराच्या गच्चीवर टेकवलं आणि २६ जणांना उचललं. टेकवलं म्हणजे चाकं फक्त लावली. सगळा भार पंख्यावर पेलून धरला होता, नाहीतर गच्ची खचली असती. हे वाचायला सोपं आहे. तेवढा वेळ मशीन हातात तोलून धरणं काय असतं ते ज्यांनी केलंय त्यांनाच ठाऊक. आणि खाली आग असती तर ते जमलंच नसतं.

रेखांकन
मी वास्तुविशारद आहे. हा विषय माझ्या जिव्हाळ्याचा, कारण आमच्याकडे येणारा प्रत्येक बिल्डर हेलिपॅडचं चित्र आवडीने काढून मागतो आणि जिन्याची रुंदी मात्र कमी करायला सांगतो.

या सगळ्या समजुतीचं मूळ ब्राझीलमध्ये आहे. साओ पावलोत २४ फेब्रुवारी १९७२ ला आंद्राउस नावाच्या उंच इमारतीला आग लागली. तिच्या गच्चीवर हेलिपॅड होतं. लोक वर गेले आणि हेलिकॉप्टरने शेकडो जणांना सुखरूप आणलं. १६ जण गेले, पण शहराच्या मनात ठसलं ते हेच, की वर गेलं की वाचतो. दोन वर्षांनी, १ फेब्रुवारी १९७४ ला, त्याच शहरात जोएल्मा इमारत पेटली. पंचवीस मजले, बाराव्या मजल्यावर एसीमध्ये बिघाड होऊन सुरुवात. आत जिना एकच. लोक आंद्राउस आठवून गच्चीवर धावले. तिथे हेलिपॅड नव्हतं, वर पत्र्यांचं छप्पर, आणि धूर-उष्णतेमुळे हेलिकॉप्टरला जवळ येताच आलं नाही. १८० च्या आसपास माणसं गेली, त्यातली कित्येक गच्चीवर वाट बघत. आणि ज्यांनी खूप जणांना वाचवलं ते कोण, तर लिफ्ट चालवणारे कर्मचारी. शक्य होतं तोवर ते फेऱ्या मारत राहिले.

शहर तेच, मधे दोनच वर्षं. म्हणून मी हे दोन्ही प्रसंग नेहमी एकत्र सांगते. पहिल्या सुटकेची आठवण दुसऱ्या वेळी लोकांना वर घेऊन गेली.

परळकर
धागा चांगला आहे, पण सगळेच "वर जाऊ नका" म्हणताय ते मला पटत नाही. जुलै २०१९ मध्ये वांद्र्याला एमटीएनएलच्या नऊ मजली इमारतीला आग लागली तेव्हा ८४ लोकांना बाहेर काढलं, त्यातले कितीतरी गच्चीवर उभे होते. अग्निशमन दलाने शिडी लावून एकेकाला उतरवलं. दार बंद असतं तर? कोलकात्याच्या स्टीफन कोर्टला मार्च २०१० मध्ये ४३ माणसं गेली. गच्चीकडे जाणाऱ्या जिन्यात मृतदेह सापडले, कारण वरचं दार कुलूपबंद होतं. हेलिकॉप्टर येवो न येवो, कुलूप काढलंच पाहिजे.

रेखांकन
परळकर, कुलपाच्या बाबतीत तुमच्याशी शंभर टक्के सहमत. माझा विरोध गच्चीला योजनेचा पाया करण्याला आहे. वांद्र्याला शिडी पोचली कारण नऊ मजले होते. मुंबईच्या दलाकडे ९० मीटरची शिडी आहे, ती साधारण अठ्ठाविसाव्या-तिसाव्या मजल्यापर्यंत जाते. उंचावरची ताईंची गच्ची चौतीस मजल्यांवर आहे.

आणि शिडीची गाडी उभी कुठे राहणार तेही बघा. राष्ट्रीय इमारत संहितेप्रमाणे अग्निशमन गाडीच्या वाटेने ४५ टनांपर्यंत भार पेलायला हवा. आपल्याकडे पोडियम, म्हणजे इमारतीच्या पायाशी उंचावलेला स्लॅब, त्याखाली दोन-दोन मजले पार्किंग, आणि वर लॉन, कारंजं, मुलांची घसरगुंडी. कित्येक ठिकाणी जड गाडी इमारतीच्या एकाच बाजूला येऊ शकते. तुमच्या घराच्या खिडक्या कुठल्या बाजूला आहेत, हा प्रश्न घर घेताना कोणी विचारत नाही.

परळकर
हे मान्य. आणखी एक उदाहरण आपल्याच घरचं. १८ जुलै २०१४, अंधेरीचा लोटस बिझनेस पार्क. वरच्या मजल्यांवर आग, बाहेरून सगळी काच. आग विझवायला वर गेलेले जवानच गच्चीवर अडकले. त्यांना काढायला हेलिकॉप्टर बोलवावं लागलं. एका जवानाचा जीव गेला. माझा मामा दलात होता, त्या दिवशी तो ड्यूटीवर नव्हता, पण रात्रभर जेवला नाही. म्हणायचा, "आमची पोरं वर गेली ती उतरायची वाट माहीत असल्याच्या भरवशावर." त्यामुळे हेलिकॉप्टर मुंबईत असूच नये असं मी कधीच म्हणणार नाही.

खलाशी६२
मीही म्हणत नाही. कुलाब्याला नौदलाचा तळ आहे, जुहूला विमानतळ आहे, मुंबईला हेलिकॉप्टर मिळतं. २८ नोव्हेंबर २००८ ला नरिमन हाऊसच्या गच्चीवर एनएसजीचे कमांडो एमआय-१७ मधून दोरावरून उतरले ते सगळ्या देशाने बघितलं. पण नीट आठवा, ते हेलिकॉप्टर प्रशिक्षित माणसांना उतरवत होतं. घाबरलेली, वृद्ध, लहान मुलं घेतलेली माणसं वर चढवणं हे पूर्ण वेगळं काम. माझ्या मते उंच इमारतीत हेलिकॉप्टरचा खरा उपयोग तोच आहे, वर माणसं आणि सामान पोचवणं, आणि वरून कुठे धूर कुठे आग ते बघून खालच्यांना सांगणं.

दूरदेशी
मी लॉस एंजेलिसमध्ये राहतो. इथे १९७४ पासून नियम होता, उंच इमारतीच्या माथ्यावर सपाट हेलिपॅड हवंच. त्यामुळेच या शहराच्या उंच इमारती वरून कापल्यासारख्या सपाट दिसतात. ४ मे १९८८ ला इथल्या बासष्ट मजली फर्स्ट इंटरस्टेट बँकेच्या इमारतीला रात्री आग लागली तेव्हा काही जणांना गच्चीवरून हेलिकॉप्टरने काढलंही होतं. तरी २०१४ मध्ये तो नियम शिथिल केला. नंतर २०१७ मध्ये उभ्या राहिलेल्या विल्शायर ग्रँडला टोकदार माथा आहे. त्याबदल्यात आतली अग्निसुरक्षा वाढवून घेतली. चाळीस वर्षं नियम पाळलेलं शहर जेव्हा बदलतं तेव्हा त्यामागे अनुभव असतो.

हेलिकॉप्टर यशस्वी झालेली एक मोठी घटना लास व्हेगासची. २१ नोव्हेंबर १९८०, एमजीएम ग्रँड हॉटेल. सकाळची वेळ होती, आग तळमजल्याच्या कॅसिनोत, आणि जवळच हवाई दलाचा तळ. गच्चीवरून तीनशेच्या आसपास लोक काढले. तरी ८५ गेले. त्यातले बहुतेक वरच्या मजल्यांवर, आगीपासून कितीतरी दूर, धुराने. हेलिकॉप्टर घिरट्या घालत असताना लोक खोल्यांत आणि जिन्यांत गुदमरत होते.

न्यूयॉर्कचंही तसंच. १९९३ च्या बॉम्बस्फोटात पोलिसांनी वर्ल्ड ट्रेड सेंटरच्या गच्चीवरून काही जणांना हेलिकॉप्टरने उतरवलं. २००१ मध्ये वरच्या मजल्यांवरचे काही लोक वर गेले. दारं बंद होती. पोलिसांची हेलिकॉप्टर काही मिनिटांत पोचलीही होती, पण धूर आणि उष्णतेमुळे उतरणं शक्य नव्हतं. नंतरच्या चौकशी आयोगाने नोंदवलं की गच्चीवरून सुटका योजनेत नाही, हे तिथे काम करणाऱ्यांना सांगितलेलंच नव्हतं. मला यातलं हे न सांगणं सगळ्यात जास्त लागतं. आठ वर्षं होती हातात.

उंचावरची
वाचून रात्री झोप लागली नाही, पण विचारलं ते बरं झालं. दूरदेशी, तुमचं शेवटचं वाक्य मी सचिवांना जसंच्या तसं पाठवलं. आता सासूबाईंचं सांगा. सात मजले वर आणि सत्तावीस खाली, दोन्ही त्यांना शक्य नाही.

रात्रपाळी
ताई, मी रुग्णालयात परिचारिका आहे, एकोणीस वर्षं झाली. आमच्या एका जुन्या नोकरीच्या ठिकाणी रात्री दोन वाजता विजेच्या खोलीत आग लागली. लिफ्ट बंद केल्या. माझ्या वॉर्डात अकरा पेशंट, त्यातले चार उठू न शकणारे. आम्ही त्यांना गादीसकट जमिनीवर घेतलं, चादरीच्या कडा गादीभोवती आवळून गाठी मारल्या आणि पायांच्या बाजूने ओढत जिन्यापर्यंत नेलं. जिन्यात एकजण डोक्याकडे, एकजण पायांकडे. माणूस जड वाटतो, पण पायऱ्यांवरून गादी आपोआप घसरते, फक्त आवरून धरायची. चौघेही सुखरूप.

सासूबाईंसाठी: त्यांना सत्तावीस मजले उतरवायची गरज बहुतेक वेळा पडणार नाही. तुमच्या इमारतीत रेफ्यूज एरिया, म्हणजे आगीच्या वेळी थांबायची राखीव जागा, असणार. तो तुमच्यापासून किती मजले खाली आहे ते आज जाऊन बघा. धूर आला तर ओला रुमाल नाकावर, खाली वाकून चालायचं, आणि दारं बंद करत जायचं. ऑगस्ट २०१८ मध्ये परळच्या क्रिस्टल टॉवरला आग लागली तेव्हा शाळेत शिकलेल्या एका मुलीने शेजाऱ्यांना ओल्या कपड्यातून श्वास घ्यायला सांगितलं होतं. तेवढं ज्ञान घरातल्या प्रत्येकाला हवं. पण ओला कपडा विषारी वायू अडवत नाही, थोडा वेळ काढून देतो, इतकंच.

आणि जिना धुराने भरला असेल तर उगाच त्यात शिरू नका. आपलंच घर, दार बंद, फटीत ओले टॉवेल, रस्त्याकडच्या खिडकीत जाऊन उभं राहायचं आणि १०१ ला मजला, विंग, किती माणसं, चालू न शकणारं कोण, हे नीट सांगायचं.

रेखांकन
रात्रपाळी, तुमचा प्रतिसाद छापून प्रत्येक लिफ्टमध्ये लावावा असा आहे. एकच जोड देते. "घरात थांबा" हा सल्ला तेव्हाच खरा जेव्हा आग एका घरात राहते. लंडनच्या ग्रेनफेलमध्ये जून २०१७ ला बाहेरच्या आवरणानेच पेट घेतला आणि आग चोवीस मजली इमारतीच्या माथ्यापर्यंत चढली. ७२ माणसं गेली. तिथेही काहीजण वर गेले, आणि हेलिकॉप्टरची आशा काहींना होती. म्हणून बाहेरून पेटलेलं दिसलं, तर जिना स्वच्छ असेतोवर उतरायचं.

रेफ्यूज एरिया मुंबईच्या नियमांत साधारण दर सात मजल्यांमागे असतो. बाहेरच्या बाजूला उघडा, कारण तिथे धूर साचू नये आणि जवानांना खालून माणसं दिसावीत. मी पाहिलेल्यांपैकी बऱ्याच ठिकाणी तो काचा लावून बंद केलेला असतो. एका ठिकाणी तर टेबल टेनिस. आणि जिन्याची दारं! जिन्यात पंख्याने हवेचा दाब वाढवतात तो धूर आत येऊ नये म्हणून, आणि दार उघडं राहिलं की तो दाब शून्य. तुमच्या मजल्यावरचं दार कशाने अडवून ठेवलंय ते बघाच.

परळकर
आणि सचिवांना फॉर्म बी मागा. महाराष्ट्राच्या २००६ च्या कायद्याप्रमाणे परवानाधारक एजन्सीकडून यंत्रणा चालू असल्याचं प्रमाणपत्र वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, द्यावं लागतं. कागद मिळाला म्हणून समाधान मानू नका. पंप चालू करून होजमधून, म्हणजे आग विझवायच्या पाइपमधून, पाणी पाडून दाखवा म्हणावं, सर्वांत वरच्या मजल्यावर.

खलाशी६२
गच्चीच्या दारासाठी: आतून ढकललं की उघडतं आणि बाहेरून उघडत नाही असा आडवा दांडा मिळतो, पॅनिक बार म्हणतात. त्याला वॉचमनच्या केबिनमध्ये वाजणारी घंटा जोडता येते. मुलांच्या जमण्याचा प्रश्न त्याने सुटतो. जास्त महागही नाही.

उंचावरची
तीन आठवड्यांनी लिहितेय, उशिराबद्दल माफी.

आधी दार. आमच्या मजल्यावरचं जिन्याचं दार तुळशीच्या कुंडीने अडवलेलं होतं. कुंडी माझीच. ऊन मिळावं म्हणून मीच ठेवली होती. त्याच दिवशी आत घेतली.

एकविसाव्यावरच्या रेफ्यूज एरियात जुने सोफे, दोन सायकली आणि गणपतीच्या मंडपाचे बांबू होते. बांबू कार्यकर्त्यांनी स्वतः येऊन नेले. सोफ्यांचे मालक अजून सापडलेले नाहीत, पुढच्या रविवारपर्यंत वाट बघून हलवणार आहोत. होजमधून पाणी पाडून पाहिलं. विसाव्यापर्यंत जोर छान, तेहतिसाव्यावर धार जेमतेम. पंपवाल्याला बोलावलंय.

एच रंगवायचा ठराव मागे घेतला. गच्चीच्या दाराला दांडा बसला, घंटेसह. सचिवांनी सूचना लावली आहे, मराठी, हिंदी आणि गुजरातीत: आगीच्या वेळी गच्चीवरून सुटकेची सोय नाही, जिन्याने रेफ्यूज मजल्यावर किंवा खाली जावे. दूरदेशी, ते तुमच्यामुळे.

आणि परवा सकाळी सासूबाईंना घेऊन सराव केला. नवरा, शेजारचा मुलगा आणि मी. चादर नको म्हणाल्या, म्हणून हातांची डायनिंगची खुर्ची घेतली. दोघांनी पुढून-मागून धरली, मी पाण्याची बाटली आणि बॅटरी घेऊन पुढे. सत्तावीस ते एकवीस, सहा मजले. नऊ मिनिटं लागली. चोविसाव्यावर थांबून त्यांनी शेजारच्या मुलाला विचारलं, "हात दुखतोय का रे?" तो नाही म्हणाला, पण त्याच्या तळहातावर खुर्चीच्या कडेचे लाल वळ उठले होते. खुर्चीला धरायला कापडाचे पट्टे शिवून घेतेय. कुठलं कापड टिकेल, बॅगेचं की ताडपत्रीचं, कोणी सांगेल का?